वदवून घेतलेलं ‘सॉरी’: पार्श्वभूमी

मुलांकडून ‘थँक्यू’, ‘सॉरी’ वदवून घ्यावं की आपणहून येऊ द्यावं, यावर आज पालकांमध्ये भांडण आहे. पण लहानांना रीतभात शिकवणं हे सगळीकडे आई-वडिलांचंच काम होतं असं नाही. मध्ययुगीन युरोपात सरदारांची मुलं दुसऱ्या मोठ्या घराण्यात राहायला जात आणि तिथे मोठ्यांच्या पंगतीला वाढता वाढता शिकत. १५३० साली एका डच विद्वानाने ११ वर्षांच्या एका मुलासाठी लॅटिनमध्ये छोटं पुस्तक लिहिलं. नाक कसं पुसावं, जांभई आली तर काय करावं, असा त्याचा मजकूर. ते पुढे शाळांमधून बराच काळ चाललं.

आजच्या भांडणाचं मूळ मात्र विसाव्या शतकात आहे. १९२८ मध्ये एका अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मुलांना मिठीत घेऊ नका, सकाळी हस्तांदोलन करा, असा सल्ला दिला होता. १९४६ मध्ये एका बालरोगतज्ज्ञाने तो उलटवला. ‘प्लीज’, ‘थँक्यू’ ही पहिली पायरीच नव्हे. मुलाला आधी माणसं आवडू द्या, असं त्याचं म्हणणं. तेव्हापासून दोन तट आहेत. एक म्हणतो, शब्द आधी येऊ दे, भाव मागून येईल. दुसऱ्याला ती पोपटपंची वाटते.

या वादात ‘थँक्यू’ आणि ‘सॉरी’ एकाच माळेत ओवले जातात, आणि सगळा गुंता तिथेच होतो. (‘आभार’ आणि ‘क्षमस्व’ आपण व्यासपीठासाठी राखून ठेवलेत, तो भाग वेगळा.) १९८० च्या एका अमेरिकी अभ्यासात लहान मुलं आपणहून ‘थँक्यू’ क्वचितच म्हणाली. पालकांनी आठवण केली की बहुतेक जण म्हणत. यात कुणाचं काही बिघडत नाही. अंकांचा अर्थ कळायच्या आधी मूल आकडे म्हणतंच की! ‘सॉरी’चं तसं नाही. समोर कुणीतरी दुखावलेलं असतं, आणि तो शब्द खरा आहे की नाही हे त्यालाही कळतं.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ४ ते ९ वर्षांच्या मुलांना माफीच्या वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या. आपणहून मागितलेली माफी आणि मोठ्यांनी सुचवल्यावर मनापासून मागितलेली माफी मुलांनी जवळपास सारखीच मानली. मनात नसताना वदवून घेतलेली मात्र त्यांना, विशेषतः त्यांच्यातल्या मोठ्यांना, फारशी पटली नाही. म्हणजे आठवण करून देणं वेगळं आणि वदवून घेणं वेगळं. ‘मुलांना काही सांगूच नका’ म्हणणारे पहिला अर्धा निष्कर्ष सोयीने गाळतात.

बक्षिसाचाही एक धागा आहे. २००८ च्या एका प्रयोगात मदतीबद्दल खेळणं मिळालेली २० महिन्यांची मुलं पुढच्या वेळी कमी मदत करू लागली. नुसतं कौतुक झालेल्यांमध्ये असं दिसलं नाही. पण चांगल्या वागण्याचे स्टिकर-तक्ते काही फ्रिजवरून उतरलेले नाहीत.

अलीकडच्या सल्ल्यांचा कल साधारण असा: राग ओसरू द्यावा, समोरच्याला काय झालं ते दाखवावं, मोडलेलं जोडायला लावावं, शब्द नंतर. अडचण एवढीच, की समोरच्या मुलाची आई तोवर थांबायला तयार असावी लागते.