‘केळी’ची ‘केली’ होते तेव्हा

रावेर-यावलच्या केळी पट्ट्यातील एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या हंगामात एक निरोप आला होता: ‘उद्या सकाळी केली कापायची आहेत, मजूर लवकर पाठवा.’ निरोप सर्वांना कळला आणि मजूरही वेळेवर पोहोचले. तरीही त्या एका शब्दापाशी मी अडखळलो, आणि दुसऱ्याच मिनिटाला एका सदस्याने ‘आधी मराठी शिका’ असे उत्तर टाकले. माझे अडखळणे आणि त्या गृहस्थांचा राग एकाच चुकीतून निघाले असले, तरी या दोन मुळात वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतील फरक वाचनाविषयीच्या संशोधनातून चांगला समजतो.

वाचताना डोळा ओळीवरून अखंड सरकतो असे वाटते, पण प्रत्यक्षात तो उड्या घेत जातो. प्रत्येक उडीनंतर तो साधारण २०० ते २५० मिलिसेकंद एका जागी थांबतो आणि त्या थांब्यातच शब्द ओळखला जातो. शब्द मागच्यापुढच्याशी जुळला नाही, तर डोळा माघारी येतो; सराईत वाचकाच्याही शंभरातील दहा ते पंधरा उड्या अशा उलट्या असतात. ‘केली’ हा निरर्थक शब्द असता तर मनाने तो तत्काळ दुरुस्त केला असता. परंतु तो ‘करणे’ या क्रियापदाचे भूतकाळी रूप आहे, त्यामुळे मन त्याला तसाच स्वीकारते, मग ‘उद्या’शी त्याचा मेळ बसत नाही, ‘कापायची’ आल्यावर वाक्यच मोडते, आणि वाचकाला परत फिरून, ‘ल’च्या जागी ‘ळ’ घालून, सगळी जुळणी नव्याने करावी लागते. ‘जागतिक महिला दीन’ असे लिहिलेला फलक वाचताना हेच घडते, कारण ‘दीन’ म्हणजे गरीब, केविलवाणा.

या अडखळण्याची खूण मेंदूच्या विद्युत्-लहरींतही दिसते. १९८० मध्ये मार्ता कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी दाखवून दिले की, पावाला लोण्याऐवजी मोजे लावल्याचे वाक्य वाचताच सुमारे ४०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक विशिष्ट लहर उमटते. अर्थ न जुळल्याचा तो संकेत असतो. शुद्धलेखनाच्या चुकीचा संकेत थोडा उशिरा, साधारण ६०० मिलिसेकंदांच्या आसपास येतो. डच भाषेत केलेल्या एका प्रयोगात, उच्चार तोच राहील पण अक्षरे चुकतील असे शब्द वाक्यांत घातले होते, आणि जेथे वाचकाला पुढचा शब्द जवळजवळ ठाऊकच होता, तेथे ही उशिराची लहर दिसून आली. ‘वाढदिवसाच्या हार्दिक’ एवढे वाचल्यावर पुढे काय येणार, हे कोणत्याही मराठी माणसाला सांगावे लागत नाही. म्हणूनच तेथे ‘शुभेच्या’ दिसले की ते इतके खुपते.

मात्र खुपण्यासाठी शब्दाचे योग्य चित्र आधी डोक्यात असावे लागते. आपल्या जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले, तेव्हापासून खानदेशात ‘कवयित्री’ हा शब्द रोज लिहिला जातो आणि तितकाच ‘कवियत्री’ किंवा ‘कवियित्री’ असाही लिहिला जातो. लिहिणाऱ्याच्या मनात ‘कवी’ हा शब्द असतो आणि त्याला स्त्रीलिंगी प्रत्यय जोडला असावा, असे त्याला वाटते. वास्तविक हे संस्कृत ‘कवयिता’चे स्त्रीलिंगी रूप आहे. ज्याच्या मनात चुकीचेच चित्र ठसले आहे, त्याच्या डोळ्याला ते कधीच अडणार नाही. ‘महत्त्व’ आणि ‘उज्ज्वल’ यांतील जोड अक्षरेही अशीच गळतात. महत् अधिक त्व, उत् अधिक ज्वल ही फोड एकदा पाहिली की मग गळत नाहीत.

मराठीत हे चित्र डोळ्यानेच मिळवावे लागते, कारण कान फारशी मदत करत नाही. बोलताना आपण ‘कवि’ आणि ‘कवी’ यांत भेद करत नाही. तो कागदावरच असतो. १९६२ मध्ये राज्य शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. त्यांनुसार ‘फूल’ दीर्घ, पण ‘फुलाला’ ह्रस्व. ‘गरीब’ दीर्घ, पण ‘गरिबाला’ ह्रस्व. नियम सुसंगत आहेत, परंतु भरपूर वाचन झाल्याशिवाय ते हातात उतरत नाहीत, आणि भरपूर वाचायला मिळणे ही प्रत्येकाच्या वाट्याला येणारी गोष्ट नाही.

म्हणूनच ‘आधी मराठी शिका’ हे उत्तर मला त्या चुकीपेक्षा जास्त लागले. अमेरिकेतील ज्युली बोलँड आणि रॉबिन क्वीन या संशोधकांनी २०१६ मध्ये ८३ वाचकांना, घरात सोबती म्हणून राहू इच्छिणाऱ्यांचे ई-मेल वाचायला दिले होते. चुका असलेल्या पत्रांच्या लेखकांना वाचकांनी एकूण कमी पसंती दिली, आणि व्याकरणाच्या चुकांबाबत अधिक कठोर निघाले ते स्वभावाने कमी समजूतदार असलेले वाचक. अडखळणे वाचनाच्या यंत्रणेतून येते. त्यावरून माणसाची किंमत ठरवणे हे वाचणाऱ्याच्या स्वभावातून येते.

त्या निरोपाबाबत तर ही किंमत साफ चुकीची ठरली. आपल्याकडे अहिराणीत काय किंवा लेवा गणबोलीत काय, ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळ्याचा ‘डोया’ आणि जळगावचे ‘जयगाव’ होते. अशा घरात वाढलेल्या मुलाला ‘ळ’ हे अक्षर प्रत्येक शब्दात पाठ करून लिहावे लागते, आणि चुकले तर त्याच्या हातून ‘य’ लिहिला जाण्याची शक्यता असते. केळीचा ‘ल’ त्या शेतकऱ्याच्या बोलीतून आलेलाच नव्हता. मोबाइलवर रोमन अक्षरांतून मराठी टंकताना ‘ल’ आणि ‘ळ’ या दोन्हींसाठी सहसा ‘एल’ हे एकच अक्षर दाबले जाते, मग यंत्र पर्याय पुढे करते, आणि ‘केळी’पेक्षा ‘केली’ हा शब्द मराठीत कितीतरी अधिक वेळा येत असल्यामुळे तोच आधी दिसतो. पहाटेच्या कापणीची घाई असलेल्या माणसाने पहिल्या पर्यायावर बोट ठेवले आणि निरोप पाठवून दिला.