न्यायाधीशाच्या रंगाखालचा सेनाधिकारी

जुन्या चित्राखाली दुसरे चित्र सापडल्याची बातमी आली, की ‘क्ष-किरणांनी आतला चेहरा उघड केला’ असे सरसकट छापले जाते. स्पॅनिश चित्रकार गोयाने १८२३ मध्ये रंगवलेले, माद्रिदचे न्यायाधीश रामोन सातुए यांचे तैलचित्र ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. त्याखाली गणवेशातील एक अधिकारी असल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. मात्र क्ष-किरण अडवणारा शिशाचा पांढरा रंग वर-खाली दोन्हीकडे असला, की साध्या क्ष-किरणचित्रात साऱ्या सावल्या एकमेकींत मिसळतात.

अँटवर्प आणि डेल्फ्ट विद्यापीठांच्या संशोधकांनी येथे क्ष-किरण फ्लुओरेसन्स वापरले. पुरेशा ऊर्जेचा क्ष-किरण अणूवर आदळला, की केंद्रकाजवळच्या कक्षेतील इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो, त्याच्या जागी वरच्या कक्षेतील इलेक्ट्रॉन उतरतो आणि दोन कक्षांमधील फरकाएवढ्या ऊर्जेचा नवा क्ष-किरण बाहेर पडतो. हा फरक प्रत्येक मूलद्रव्याचा ठरलेला असतो: गेरूतील लोहाचा ६.४, हिंगुळातील पाऱ्याचा सुमारे १०, ‘नेपल्स पिवळा’ या रंगातील अँटिमनीचा २६.४ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचे एकक). बारीक शलाका चित्रावर बिंदूबिंदूने फिरवली, की एकेका मूलद्रव्याचा वेगळा नकाशा मिळतो. सराफाकडचा कॅरेटोमीटर दागिन्याच्या एका ठिपक्यावर हेच करतो, पण सोन्यातून निघालेले किरण सोन्यातच लगेच शोषले जात असल्याने त्याला केवळ वरचा पातळ थर कळतो, आणि जाड मुलामा त्याला चकवू शकतो. चित्रातही तसेच घडते. शिशाच्या थराखालून लोहाचे कमी ऊर्जेचे किरण क्वचितच वर येतात, अँटिमनीचे जास्त ऊर्जेचे किरण सहज येतात.

‘आभामंडल’ मोजणाऱ्या यंत्रांचे विक्रेते माणसाचा स्वभावही सांगतात. फ्लुओरेसन्सचे यंत्र मात्र मूलद्रव्यापलीकडे काही सांगत नाही. अधिकाऱ्याची ओळख शोधण्याचा धागा इतिहासातून मिळाला, कारण त्याच्या अंगावरील सन्मानचिन्ह नेपोलियनने स्पेनच्या गादीवर बसवलेल्या आपल्या भावाने, जोसेफ बोनापार्टने, सुरू केलेल्या सन्मानाचे, तेही सर्वोच्च श्रेणीचे होते. ते स्वतः जोसेफकडे आणि त्याच्या मोजक्या सेनापतींकडेच असल्याने संशयितांची यादी छोटी आहे, पण नाव पक्के झालेले नाही. चित्र झाकले का गेले असावे, याचा तर्क सोपा आहे: १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांशी लढलेल्या ब्रिटिश सेनापती वेलस्लीने, म्हणजे वेलिंग्टनने, जून १८१३ मध्ये स्पेनमधील व्हिटोरियाला जोसेफचा निर्णायक पराभव केला आणि त्यानंतरच्या माद्रिदमध्ये जोसेफचे पदक मिरवणारे चित्र घरात बाळगणे अडचणीचे ठरले असते.