कॅज्युअल आणि स्मार्ट कॅज्युअल : क्रूझची बॅग भरण्याआधी

क्रूझचं बुकिंग झालं की कपड्यांबद्दल एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : "आता फॉर्मल वगैरे काही लागत नाही हो, सगळं कॅज्युअल झालंय." यातला पहिला अर्धा भाग बऱ्याच कंपन्यांच्या बाबतीत खरा आहे, दुसरा नाही. फॉर्मल मागे पडलं, पण संध्याकाळी त्याची जागा घेतली ती स्मार्ट कॅज्युअलनं. 'सगळं कॅज्युअल' ऐकून नुसत्या बर्मुडा आणि गोल गळ्याचे टी-शर्ट भरून आलेला माणूस रात्री मुख्य डायनिंग रूमच्या दारात अडतो. फार पूर्वी जाऊन आलेल्या नातेवाइकाचं ऐकून सूट, टाय, जड बूट आणणाऱ्याची अर्धी बॅग परत येईपर्यंत उघडली जात नाही. हे दोन्ही टाळता येतं.

कॅज्युअल हा दिवसाचा पोशाख. सकाळचा नाश्ता, बफे, डेकवरच्या आरामखुर्च्या, बंदरावर उतरून फिरणं, या सगळ्याला हाफ पँट, थ्री-फोर्थ, टी-शर्ट, कुर्ती-लेगिंग, सँडल काहीही चालतं. फक्त पोहून आल्यावर ओल्या कपड्यांनी आणि अनवाणी बफेत जायचं नसतं. वरून काहीतरी घालावं लागतं. दिवसा जहाजावर याहून जास्त कुणी विचारत नाही.

स्मार्ट कॅज्युअल सुरू होतं साधारण संध्याकाळी साडेपाच-सहानंतर, तेही ठरावीक जागी : टेबलावर बसवून वाढतात ती मुख्य डायनिंग रूम आणि जादा पैसे भरून जायची खास रेस्तराँ. काही जहाजांवर लाउंज आणि थिएटरसुद्धा. पुरुषांसाठी याचा अर्थ फुल पँट, कॉलरचा शर्ट किंवा पोलो टी-शर्ट आणि बंद बूट. टाय नको, जॅकेटची सक्ती नाही. बायकांसाठी ड्रेस, स्कर्ट, नीटशी पँट आणि टॉप, सलवार-कमीज, साधी साडी. न फाटलेली, गडद रंगाची जीन्स आता बहुतेक कंपन्या चालवून घेतात. लग्नघरात दुपारी पाहुण्यांची सरबराई करताना अंगावर असतं ते आणि संध्याकाळी सीमांतपूजनाला घालतो ते, इतकाच हा फरक आहे. पैठणी नेसायची वेळ अजून आलेली नसते.

दोन्ही प्रकारांत गोंधळ होतो, कारण पुष्कळ कपडे दोन्हीकडे असतात. तोच पोलो टी-शर्ट हाफ पँटवर घातला तर कॅज्युअल, फुल पँटवर घातला तर स्मार्ट कॅज्युअल. म्हणून एकेका कपड्याला नाव चिकटवण्यापेक्षा तीन ठिकाणी बघावं : पाय घोट्यापर्यंत झाकलेत का (बायकांना गुडघ्यापर्यंतचा ड्रेस अर्थातच चालतो), पायांत रबरी स्लिपर तर नाहीत ना, आणि पुरुषांच्या बाबतीत शर्टाला कॉलर व बाह्या आहेत का. डोक्यावरची कॅप खोलीत ठेवून यावी. हे जमलं की बहुतेक जहाजांवर बहुतेक संध्याकाळी तुम्हाला कुणी अडवणार नाही.

आता सैल झालंय ते नेमकं काय? सैल झाली ती वरची अट. अमुक रात्री डिनर जॅकेट (समारंभाचा काळा कोट) हवंच, गाउन हवाच, ही सक्ती बहुतेक ठिकाणी गेली. खालची अट, म्हणजे संध्याकाळी याच्यापेक्षा कमी नको ही, बऱ्याच ठिकाणी होती तशीच आहे. लोक पहिली बातमी ऐकतात आणि दुसरीही गेली असं धरून चालतात. सगळी गफलत इथे आहे.

सेलिब्रिटी क्रूझेस या कंपनीचं बघा. त्यांनी २०१५ साली फॉर्मल नाइट बंद केल्या आणि त्याजागी 'इव्हिनिंग शिक' आणली. तिच्यात चांगली जीन्सही बसते, कोट ऐच्छिक. पण उरलेल्या संध्याकाळी तिथे स्मार्ट कॅज्युअल असतं आणि मुख्य रेस्तराँत रात्री हाफ पँट आणि स्लिपर नाहीत म्हणजे नाहीत. वायकिंगच्या सागरी जहाजांवर एकही फॉर्मल रात्र नसते, तरी संध्याकाळचा नीटनेटकेपणा तिथे मोकळ्या म्हणवणाऱ्या कितीतरी जहाजांपेक्षा जास्त असतो. उलट कार्निव्हलचा 'क्रूझ कॅज्युअल' बराच मोकळा : साध्या रात्री जीन्स आणि लांब, नीट शिवलेली हाफ पँटसुद्धा डायनिंग रूममध्ये चालते. बिनबाह्यांचे पुरुषी बनियन-शर्ट, जिमच्या चड्ड्या आणि पोहण्याचे कपडे मात्र तिथेही नाहीत. शिवाय कार्निव्हलवर पाच दिवसांपर्यंतच्या सफरीत एक आणि त्याहून लांब सफरीत दोन 'एलिगंट' रात्री असतात. त्या रात्री हाफ पँट बंद.

सगळ्यात सैल म्हणून नॉर्वेजियन क्रूझ लाइनचं नाव घेतलं जातं. त्यांनी २००० साली 'फ्रीस्टाइल क्रूझिंग' आणलं : जेवणाची ठरलेली वेळ नाही, ठरलेलं टेबल नाही, फॉर्मल रात्रीची सक्ती नाही. आज जो मोकळेपणा आपण गृहीत धरतो त्याची मोठी सुरुवात तिथून झाली. तरीसुद्धा त्यांच्या काही खास रेस्तराँत पुरुषांना फुल पँट लागते. म्हणजे एकाच जहाजावर एका मजल्यावर कॅज्युअल आणि दुसऱ्या मजल्यावर स्मार्ट कॅज्युअल, एकाच वेळी. ज्या रेस्तराँत टेबल राखून ठेवलंय त्याचा नियम वेगळा वाचावा लागतो तो यासाठी.

दुसऱ्या टोकाला कुनार्ड ही कंपनी. त्यांचं 'क्वीन मेरी २' हे जहाज इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला सात रात्रींत जातं आणि त्यांत साधारण दोन 'गाला' संध्याकाळी असतात : डिनर जॅकेट किंवा गडद सूट, बायकांना गाउन. पण इथेही सैलपणा आलाच आहे. बाकीच्या संध्याकाळी पुरुषांना पूर्वी जॅकेट लागायचं, आता कॉलरचा शर्ट पुरतो. गालाच्या रात्री ज्यांना सजायचं नाही त्यांच्यासाठी बफे, पब अशा मोजक्या जागा मोकळ्या असतात. मला ही व्यवस्था सगळ्यात प्रामाणिक वाटते. ज्यांना थाट हवा त्यांच्यासाठी थाट टिकतो, ज्यांना नको त्यांचं पोट भरतं, आणि कोणती जागा कोणासाठी हे आधीच सांगितलेलं असतं.

जुन्या प्रवासी बोटींवर हे सगळं फार कडक होतं. पहिल्या वर्गात रात्रीच्या जेवणाला पोशाख बदलून येणं गृहीत असे. त्यातही पहिल्या आणि शेवटच्या रात्री सवलत होती, कारण पहिल्या रात्री ट्रंका उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री त्या भरून झालेल्या असत. ही रीत अजून टिकून आहे. पहिल्या रात्री सहसा साधा पोशाखच असतो. मुंबईच्या धक्क्यावरून किती लोक या चिंतेत बोटीवर चढले असतील! ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून विलायतेला निघालेल्या मोहनदास गांधींनी बोटीवर काळा सूट वापरला आणि मित्रांनी करवून दिलेला पांढऱ्या फ्लॅनेलचा सूट उतरताना घालायला म्हणून राखून ठेवला. सप्टेंबरअखेरीला ते तिकडे उतरले तेव्हा पांढऱ्या कपड्यांत ते एकटेच होते. कपडा चांगला होता, पण ऋतूचा आणि जागेचा अंदाज कुणी दिला नव्हता. आजही बॅग चुकते ती याच कारणानं, पैशांच्या कमतरतेनं नव्हे.

ही सक्ती ढिली होण्यामागे नुसती आवड बदलली असं नाही. पूर्वी लोक घराजवळच्या बंदरातून ट्रंका घेऊन चढत. आता विमानानं उडून बंदराच्या गावी जातात. अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांनी २००८ पासून देशांतर्गत प्रवासात चेक-इन बॅगेचे वेगळे पैसे घ्यायला सुरुवात केली. दोन रात्रींसाठी सूट, गाउन आणि त्यांचे बूट वाहून नेणं त्यामुळे नकोसं झालं. लहान मुलांना घेऊन येणारी कुटुंबं वाढली, जहाजावर खाण्याच्या जागा वाढल्या, आणि एका डायनिंग रूमचा एकच नियम सगळ्यांवर चालवणं अवघड होत गेलं.

आता आपल्या कपड्यांकडे येऊ. मुलांकडे अमेरिकेला गेलेले आईबाबा कॅरिबियन किंवा अलास्काची क्रूझ करतात, सिंगापूरहून तीन-चार रात्रींची क्रूझ तर आपल्याकडच्या ग्रुप टूरमध्येच असते. यांपैकी बऱ्याच जणांना वाटतं की डायनिंग रूममध्ये पाश्चात्त्य कपडेच लागतील, आणि केवळ क्रूझसाठी म्हणून आई कधी न घातलेला गाउन विकत घेते. याची काहीच गरज नाही. कुनार्डसारखी कडक कंपनीसुद्धा गाला रात्री राष्ट्रीय पोशाख मान्य करते. सिल्कची साडी कोणत्याही जहाजावर, कोणत्याही रात्री, पूर्ण फॉर्मल आहे. बंदगळा किंवा कुर्ता, चुडीदार आणि नेहरू जॅकेटही तसंच. आपल्या माणसांनी हे संकोच न करता घालावं असं मला मनापासून वाटतं. त्यात ती सुंदर दिसतात आणि आत्मविश्वासानं वावरतात.

उलट, साध्या स्मार्ट कॅज्युअल रात्रीसाठी सिल्क नको. त्यासाठी क्रेप किंवा जॉर्जेटची साडी उत्तम : घडी लहान होते, चुरगळत नाही, आणि एकच काळा किंवा सोनेरी ब्लाउज दोन-तीन साड्यांवर चालतो. पुरुषांनी सुती कुर्ता-पायजमा दिवसा खुशाल घालावा; संध्याकाळी मात्र पायजम्याऐवजी नीट पँट किंवा चुडीदार. चपलांबद्दल जपून. कोल्हापुरी आपल्या दृष्टीनं सणासुदीची असली तरी काही कंपन्या रात्री पुरुषांना उघडी पावलं चालवून घेत नाहीत. मोजडी किंवा साधे बूट घेतले की प्रश्न उरत नाही.

इस्त्रीचं आधीच सांगून ठेवते. केबिनमध्ये इस्त्री किंवा स्टीमर नेऊ देत नाहीत. आगीची भीती हे कारण आहे, आणि बॅग तपासताना ती काढून घेतात. कुनार्डसारख्या काही कंपन्यांच्या जहाजांवर प्रवाशांसाठी कपडे धुण्याची आणि इस्त्रीची खोली असते, रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर ती नसते, पैसे देऊन कपडे धुवायला द्यावे लागतात. त्यामुळे स्टार्चच्या सुती साड्या आणि पटकन चुरगळणारे लिननचे शर्ट घरीच राहू द्यावेत. डायनिंग रूम आणि थिएटरमध्ये एसी कडक असतो. एक शाल तिथेही लागते आणि रात्री डेकवरच्या वाऱ्यातही.

सात रात्रींसाठी पुरुषाला गडद रंगाच्या दोन फुल पँट, चार कॉलरचे शर्ट, बुटांचा एक जोड आणि फॉर्मल रात्रीची हौस असेल तर एक जॅकेट पुरे. जॅकेट विमानात अंगावरच घालावं, वजनही वाचतं आणि ते चुरगळतही नाही. बाईला तीन-चार संध्याकाळचे पोशाख ओढणी आणि दागिने बदलून आठवडाभर पुरतात. कालचाच पोशाख परवा घातला तर जहाजावर कुणाच्या लक्षातही येत नाही. दिवसाचे कॅज्युअल कपडे जास्त लागतात, कारण घाम, खारी हवा आणि पोहणं. लोक नेमकं उलटं भरतात : संध्याकाळचे सात सेट आणि दिवसाचे तीन. अलास्काला जाणाऱ्यांनी दिवसाच्या गठ्ठ्यात एकावर एक चढवता येतील असे थर आणि पाऊस अडवणारं जॅकेट धरावं.

मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपकडे जाणाऱ्या कॉर्डेलिया या कंपनीच्या 'एम्प्रेस' जहाजावर सफरी छोट्या असतात, त्यामुळे दोन संध्याकाळचे बरे कपडे पुष्कळ झाले.

जहाज सोडून खाली उतरताना दिवसाच्या कॅज्युअललाही मर्यादा येतात, आणि त्या जहाज कंपनीच्या हातात नसतात. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये आणि बँकॉकच्या ग्रँड पॅलेसमध्ये खांदे आणि गुडघे उघडे असतील तर आत सोडत नाहीत. बार्बाडोस, जमैका, सेंट लुशियासारख्या कॅरिबियन देशांत लष्करी हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे सामान्य माणसानं घालणं कायद्यानं मना आहे, लहान मुलांनासुद्धा. नातवाची ती आवडती पँट असेल तर ती आधीच बाजूला काढावी.

शेवटचं, पण बॅग भरण्याच्या पद्धतीशी जोडलेलं. चढताना मोठी बॅग बंदरावर हमालाकडे द्यावी लागते आणि ती केबिनच्या दारात पोचायला संध्याकाळ होऊ शकते. म्हणून हातातल्या पिशवीत औषधं, पोहण्याचे कपडे आणि पहिल्या रात्रीच्या जेवणासाठी एक फुल पँट किंवा ड्रेस असू द्यावा. उतरण्याच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात आणि त्या थेट धक्क्यावर मिळतात. सकाळी घालायचे कपडे, आतले कपडे आणि बूट त्याआधी बाहेर काढून ठेवा; सगळं भरून दिलं तर सकाळी नाश्त्याला रात्रीच्याच कपड्यांत जावं लागतं.