ओपीडीतील रांग आणि डॉक्टरांचा रिकामा वेळ

गेल्या महिन्यात वडिलांना घेऊन पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत गेलो होतो. केसपेपरच्या खिडकीवर मिळालेल्या चिठ्ठीवर सकाळी दहाची वेळ होती. बाकावर शेजारी बसलेल्या आजींच्या चिठ्ठीवरही दहा, आणि त्यांच्या पलीकडच्या गृहस्थांच्याही चिठ्ठीवर दहाच. आमचा नंबर लागला तेव्हा पावणेएक वाजला होता. "डॉक्टर कमी आहेत, दुसरे काय," असे ते गृहस्थ म्हणाले. रांगेचे गणित मात्र जरा वेगळे सांगते.

समजा, एका रुग्णामागे डॉक्टरांना सरासरी सहा मिनिटे लागतात, म्हणजे ते तासाला दहा रुग्ण तपासू शकतात. रुग्णांच्या येण्याला आणि तपासणीच्या कालावधीला कसलाच नेम नसेल, तर तासाला आठ रुग्ण येत असताना प्रत्येकाला सरासरी २४ मिनिटे थांबावे लागते. नऊ येऊ लागले की ५४ मिनिटे. आणि साडेनऊ, म्हणजे दोन तासांत केवळ एक रुग्ण जास्त, आले की ११४ मिनिटे! डॉक्टर व्यग्र असण्याच्या प्रमाणाला रिकामे असण्याच्या प्रमाणाने भागायचे आणि सहाने गुणायचे, एवढेच हे सूत्र आहे. रिकामा वेळ छेदात असल्यामुळे तो आटत गेला की उत्तर फुगत जाते. सव्वादहाला कोणी आले नाही म्हणून वाया गेलेली मिनिटे साडेअकराच्या गर्दीसाठी राखून ठेवता येत नाहीत, हे त्यामागचे कारण. "डॉक्टर क्षणभरही रिकामे बसता कामा नयेत" असा आग्रह धरणारे व्यवस्थापन म्हणूनच स्वतःच्या हाताने रांग वाढवते.

या गणिताचा पाया डॅनिश गणिती एरलांग यांनी १९०९ साली टेलिफोनच्या कॉलसाठी घातला. १९६१ साली ब्रिटिश गणिती किंगमन यांनी त्याला व्यापक रूप दिले: वरच्या उत्तराला आगमनातील आणि तपासणीतील अनियमिततेच्या वर्गांच्या सरासरीने गुणावे. अनियमितता म्हणजे येथे प्रमाण विचलन (सरासरीच्या आसपास किती चढउतार होतो याचे माप) भागिले सरासरी. ती दोन्हीकडे निम्मी झाली, तर प्रतीक्षा चौथ्या हिश्श्यावर येते, आणि तीही एकही डॉक्टर न वाढवता. केवळ रिपोर्ट दाखवायला आलेल्यांची वेळ नव्या रुग्णांपासून वेगळी ठेवण्याचा फायदा यातच आहे. उलट, अमावस्या टाळून पुढे ढकललेल्या शस्त्रक्रिया नंतरच्या दिवसांच्या यादीत जाऊन बसतात आणि चंद्राचा काडीचाही संबंध नसताना गर्दी निर्माण करतात. कृत्रिम बुद्धिमत्तेचा शिक्का मारलेल्या टोकन ॲपनेही, सर्वांना दहाचीच वेळ दिली तर, बाकावरची गर्दी फार तर मोबाइलवर दिसेल.

वेळा कशा द्याव्यात, याचा अभ्यास संख्याशास्त्रज्ञ नॉर्मन बेली यांनी १९५२ सालीच ब्रिटनमधील ओपीडींसाठी केला होता. पहिल्या दोन रुग्णांना एकच वेळ द्यावी, म्हणजे एक जण उशिरा आला तरी डॉक्टरांचे काम सुरू होते; त्यानंतर मात्र एका तपासणीला सरासरी जेवढा वेळ लागतो, तेवढ्या अंतराने एकेकाला बोलवावे. त्या हिशेबाने आजींच्या चिठ्ठीवर दहा, पलीकडच्या गृहस्थांच्याही दहा, आणि आमच्या चिठ्ठीवर दहा वाजून सहा मिनिटे असायला हवी होती.