स्नायूतून बाहेर येणाऱ्या रक्तात काय असतं?

घोडा खाऊ लागला की त्याचा वरचा ओठ उचलणारा स्नायू एकसारखा हलत राहतो. या स्नायूचं रक्त बाहेर नेणारी शीर अशी आहे, की घोडा निवांत खात असतानाही तिच्यातून रक्ताचे नमुने घेता येतात. फ्रान्समध्ये ऑग्युस्त शोव्हो आणि काउफमान यांनी १८८७ साली नेमका हाच स्नायू हेरला. घोडा स्वस्थ उभा असताना आणि खात असताना, स्नायूत शिरणाऱ्या आणि स्नायूतून निघणाऱ्या रक्तातली साखर त्यांनी मोजली. खाताना स्नायूतलं रक्त कितीतरी जोराने वाहत होतं आणि स्नायू साखरही पुष्कळ जास्त उचलत होता.

आत काय गेलं, बाहेर काय आलं, एवढीच ही वजाबाकी. व्यायामाने स्नायूतून कोणते रासायनिक निरोप सुटतात आणि ते यकृत, चरबी, स्वादुपिंड यांचं काम कसं बदलतात, या संशोधनाचा इतिहास चाळताना मला ती पुन्हा पुन्हा आठवते. ज्यांनी ही वजाबाकी केली त्यांचं म्हणणं बऱ्यापैकी टिकलं. ज्यांनी नुसत्या रक्तातल्या पातळीवरून निष्कर्ष काढले, ते अडचणीत आले.

शोव्होंनंतर बराच काळ स्नायूकडे यंत्र म्हणूनच पाहिलं गेलं. किती इंधन लागतं, किती उष्णता निघते, किती लॅक्टिक आम्ल साठतं? ए. व्ही. हिल आणि ओटो मायरहोफ यांना १९२२ चं नोबेल याच हिशेबासाठी मिळालं. पुढे कार्ल आणि गर्टी कोरी यांनी स्नायूतलं लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचंच रूप) रक्तावाटे यकृतात जातं आणि तिथे त्याचं पुन्हा ग्लुकोज होतं, हे चक्र उलगडलं. आज मागे वळून पाहिलं तर स्नायू आणि यकृत यांच्यातल्या बोलण्याचा तो पहिला नीट लिहिलेला दाखला म्हणायला हरकत नाही. तेव्हा मात्र लॅक्टेट म्हणजे उरलेला कचरा, यकृताने उचलून पुन्हा वापरात आणलेला, एवढीच त्याची किंमत होती.

एका अवयवाने रक्तात काहीतरी सोडायचं आणि दूरच्या दुसऱ्या अवयवाने ते ऐकायचं, ही कल्पना तोवर रुजली होती. लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १९०२ मध्ये कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याच्या नसा कापल्या, त्यात आम्ल सोडलं, आणि तरीही स्वादुपिंडातून पाचकरस वाहू लागला. नसा तुटलेल्या होत्या, म्हणजे निरोप रक्तातूनच गेला असणार. अशा द्रव्यांना ‘हॉर्मोन’ हे नाव स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये दिलं. पुढच्या अर्धशतकात संप्रेरक सोडणाऱ्या ग्रंथींची यादी वाढत गेली, पण शरीराच्या वजनाचा जवळपास चाळीस टक्के भाग व्यापणारा स्नायू त्या यादीत येईल असं कोणाच्या फारसं मनात आलं नाही. स्नायू हुकूम घेतो, देत नाही, अशीच समजूत होती.

तिला पहिला धक्का शिकागोत बसला. लेव्हिन आणि गोल्डस्टीन हे तिथे इन्सुलिनवर काम करत होते. इन्सुलिन पेशीच्या आवरणातून साखरेला आत जाऊ देतं, हे त्यांच्या गटाने १९४९ च्या सुमारास कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं. मग प्रश्न आला तो असा, की स्नायू आकुंचन पावतो तेव्हाही साखर आत जाते, ती कशी? गोल्डस्टीन यांनी मेहनत केलेल्या कुत्र्याचं रक्त विश्रांतीत असलेल्या कुत्र्याच्या शरीरात सोडलं, तर त्याच्याही रक्तातली साखर उतरली. काम एकाने केलं, फरक दुसऱ्यात दिसला. राबणारा स्नायू रक्तात काही ‘घटक’ सोडतो, असं त्यांनी १९६१ मध्ये मांडलं. तो घटक कोणता, हे मात्र हाती लागलं नाही.

पुढची जवळजवळ चाळीस वर्षं त्याला ‘व्यायाम-घटक’ असंच मोघम म्हटलं जायचं. मज्जारज्जूला इजा होऊन पाय लुळे पडलेल्या लोकांच्या स्नायूंना विजेचे झटके देऊन पायडल मारायला लावलं, तर मेंदूशी संबंध तुटलेला असूनही इतर अवयवांतले चयापचयाचे बदल दिसत होते. म्हणजे नसांवर सगळी जबाबदारी टाकता येत नव्हती. दरम्यान आकुंचनाच्या वेळी स्नायूच्या पेशीतला ग्लुकोज-वाहक, ग्लुट-४, इन्सुलिनशिवायही आवरणापाशी येतो हे कळलं. त्याने राबणाऱ्या स्नायूचं कोडं सुटलं, पण शेजारच्या न राबणाऱ्या अवयवांचं नाही.

वातावरण बदललं ते चरबीमुळे. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन शोधलं आणि नुसतं साठवणीचं कोठार समजली जाणारी चरबी भुकेला लगाम घालणारं संप्रेरक सोडते, हे उघड झालं. कोठार बोलू शकतं, तर इंजिन का नाही? तीनच वर्षांनी मायोस्टॅटिन सापडलं. स्नायूच बनवतो आणि स्नायूचीच वाढ रोखतो असं हे प्रथिन. त्याचं जनुक काढून टाकलेले उंदीर अवाढव्य स्नायूंचे निघाले. पण मायोस्टॅटिनचा मामला बराचसा घरातल्या घरात होता. दूरवर निरोप जातो का, हे कोपनहेगनमध्ये ठरायचं होतं.

तिथे बेन्ते क्लारलुंड पेडरसन या व्यायाम आणि प्रतिकारशक्ती यांच्या संबंधावर काम करत होत्या. मॅरेथॉन धावणाऱ्यांच्या रक्तात इंटरल्यूकिन-६, म्हणजे आयएल-६, कधीकधी शंभरपट चढतं हे त्यांच्या गटाला दिसलं होतं. आयएल-६ हे तोवर दाहाशी, तापाशी, संसर्गाशी जोडलेलं नाव. त्यामुळे पटकन सुचणारा अर्थ असा होता, की धावून धावून स्नायूचे धागे फाटले, ते साफ करायला पांढऱ्या पेशी आल्या आणि त्यांनी आयएल-६ सोडलं. ऐकायला अगदी पटण्यासारखं. पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासल्या तर त्यांच्यात आयएल-६ वाढलेलं दिसेना, आणि धावपटूंच्या मांडीतून काढलेल्या स्नायूच्या तुकड्यात मात्र त्याचा जनुकीय निरोप सापडला.

निकाल लावला तो एका खुर्चीने. बेंग्ट साल्टिन हे स्वीडिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ तेव्हा कोपनहेगनमध्ये होते, आणि त्यांनी १९८० च्या दशकात एक अगदी साधी मांडणी बसवली होती. माणूस खुर्चीत मागे रेलून बसतो. एका पायाचा घोटा एका दांड्याला बांधलेला असतो आणि दांडा मागच्या चाकाला जोडलेला. माणूस गुडघा सरळ करत फक्त लाथ मारत राहतो, पाय मागे आणायचं काम चाक करतं. त्यामुळे राबतो तो मांडीचा पुढचा स्नायूगट तेवढाच, साधारण अडीच किलो मांस. दुसरा पाय स्वस्थ. मांडीच्या धमनीत नळी, दोन्ही पायांच्या शिरांत नळ्या, आणि रक्ताचा वेग मोजायला अल्ट्रासाउंड. घोड्याच्या ओठाचाच प्रयोग हा, फक्त माणसाच्या मांडीवर.

अ‍ॅडम स्टीन्सबर्ग, पेडरसन आणि सहकाऱ्यांनी सहा तरुणांना असं पाच तास लाथा मारायला लावलं. पाच तास! (माझ्यासारख्याचा गुडघा वीस मिनिटांत संपावर जाईल.) धमनीतलं आयएल-६ एकोणीस पटींनी वाढलं. राबणाऱ्या पायाच्या शिरेत ते धमनीपेक्षा जास्त होतं, स्वस्थ पायाच्या शिरेत तसा फरक नव्हता. दोन्ही पाय एकाच शरीराचे, एकाच रक्तावर जगणारे. शेवटी शेवटी तर राबणाऱ्या पायातून एका मिनिटात बाहेर पडणारं आयएल-६ त्या क्षणी प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या द्रवात, असलेल्या एकूण आयएल-६ च्या निम्मं भरत होतं. हे संशोधन २००० साली छापून आलं आणि ‘फाटलेले धागे’ हा खुलासा मागे पडला.

पुढच्याच वर्षीचा प्रयोग मला याहून देखणा वाटतो. आधी एका पायाला व्यायाम देऊन त्यातला ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूत साठवलेल्या साखरेचा, साठा उतरवला, दुसरा पाय भरलेला ठेवला. मग दोन्ही पायांना बरोबरीने राबवलं. ज्याचं कोठार रिकामं, त्या पायातून आयएल-६ जास्त सुटलं. म्हणजे हा इजेचा आरडाओरडा नव्हता. स्नायू इंधनाची मागणी नोंदवत होता, आणि ही मागणी यकृतातून ग्लुकोज व चरबीतून मेदाम्लं सुटण्याला हातभार लावते असं पुढच्या प्रयोगांतून दिसत गेलं. व्यायामाच्या दरम्यान कर्बोदकं घेत राहिलं तर आयएल-६ ची चढ कमी राहते, हेही याच्याशी जुळतं.

२००३ मध्ये पेडरसन, मार्क फेब्रायो आणि सहकाऱ्यांनी अशा द्रव्यांना नाव सुचवलं: मायोकाइन. स्नायू आणि गती या अर्थाच्या ग्रीक शब्दांची ही जोड. नाव मिळालं की शोधाला वेग येतो. मायोकाइनच्या यादीत आयएल-१५, बीडीएनएफ, एफजीएफ-२१, मिटिऑरिन-लाइक अशी नावं भराभर जमा झाली. त्यातली सगळी सारख्या पुराव्याची नाहीत, हे इथेच सांगून ठेवतो.

आयएल-६ वरून मात्र एक वाद बरीच वर्षं धुमसला. लठ्ठपणात आणि टाइप-२ मधुमेहात रक्तातलं आयएल-६ थोडं पण कायम चढलेलं असतं. मग हेच द्रव्य व्यायामात हितकारक कसं? एक उत्तर वेळेत आहे. व्यायामातली चढ उंच असते आणि काही तासांत उतरते. मंद, कधीच न विझणारी धग ही वेगळी गोष्ट. निरोगी स्वयंसेवकांना जिवाणूंच्या आवरणातलं विष थोड्या प्रमाणात टोचून त्यांच्यात दाह निर्माण केला, तर आधी सायकल चालवलेल्यांत किंवा आयएल-६ दिलेल्यांत टीएनएफ हे दाहकारक द्रव्य चढलंच नाही. २०११ मध्ये आणखी एक धागा मिळाला. आयएल-६ मुळे आतड्यातून आणि स्वादुपिंडातून जीएलपी-१ जास्त सुटतं, म्हणजे तेच संप्रेरक ज्याची नक्कल करणारी वजनाची इंजेक्शनं आज चर्चेत आहेत. आणि २०१९ मध्ये डॅनिश गटाने उलटी कसोटी लावली. पोट सुटलेल्या लोकांनी बारा आठवडे सायकल चालवली, तर पोटाच्या आत अवयवांभोवती साठलेली चरबी घटली. पण ज्यांना आयएल-६ चा मार्ग रोखणारं टोसिलिझुमॅब दिलं होतं, त्यांच्यात तेवढ्याच व्यायामाने ती घटली नाही. स्नायूच्या निरोपाचं महत्त्व माणसात दाखवणारा यापेक्षा थेट पुरावा मला माहीत नाही. अर्थात औषधाने शरीरभरातल्या आयएल-६ चा रस्ता अडतो, फक्त स्नायूतून आलेल्याचा नाही, हेही लक्षात असू द्यावं.

आता अडचणीची गोष्ट. जानेवारी २०१२ मध्ये ब्रूस स्पीगलमन यांच्या बोस्टनमधल्या प्रयोगशाळेने आयरिसिन जाहीर केलं. व्यायामाने स्नायूत पीजीसी-१-आल्फा हे नियंत्रक प्रथिन वाढतं, त्यामुळे एफएनडीसी-५ नावाचं प्रथिन वाढतं, त्याचा तुकडा पडून रक्तात जातो आणि पांढऱ्या चरबीला इंधन जाळून उष्णता देणाऱ्या तपकिरी चरबीसारखं वागायला लावतो, अशी ती साखळी. नाव ग्रीक पुराणातल्या आयरिस या दूतदेवतेवरून. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं होतं? ‘व्यायामाची गोळी’ आलीच, अशा थाटात मथळे झाले.

मग मोजणी सुरू झाली आणि घोळ बाहेर आला. रक्तातलं प्रथिन मोजण्याचे बाजारातले तयार किट वापरून कोणाला आयरिसिन अत्यल्प मिळे, कोणाला त्याच्या हजारो पट. व्यायामाने ते वाढतं, घटतं, जागचं हलत नाही, असे तिन्ही निष्कर्ष छापून आले. २०१३ मध्ये एका गटाने दाखवलं, की माणसाच्या एफएनडीसी-५ जनुकाच्या सुरुवातीला, प्रथिन इथून बनवायला घ्या असं सांगणारी नेहमीची एटीजी ही खूण नसून एटीए आहे, त्यामुळे प्रथिन बनण्याचं प्रमाण फारच कमी राहतं. २०१५ मध्ये तर आयरिसिन ही दंतकथाच आहे, अशा अर्थाचं शीर्षक असलेला लेख आला. किटमधली प्रतिपिंडं रक्तातल्या भलत्याच प्रथिनांना चिकटत होती, हा त्यातला मुख्य आक्षेप. त्याच वर्षी स्पीगलमन यांच्या गटाने प्रतिपिंडं बाजूला ठेवून मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूंच्या तुकड्यांच्या वजनावरून ओळख पटवणाऱ्या पद्धतीने, मोजणी केली. बैठ्या लोकांत मिलिलिटरला साधारण ३.६ नॅनोग्रॅम, व्यायाम करणाऱ्यांत ४.३. म्हणजे आयरिसिन आहे, पण फरक मथळ्यांच्या मानाने किरकोळ. पुढे हाडांच्या पेशींवर त्याचा निरोप टिपणारा ग्राहक (रिसेप्टर) सापडल्याचंही प्रसिद्ध झालं, त्यामुळे आयरिसिन मोडीत निघालेलं नाही. पण किटवर विसंबून छापलेल्या लेखांच्या मोठ्या ढिगाचं काय करायचं, हा प्रश्न तसाच पडून आहे.

कचरा समजलेल्या लॅक्टेटचंही नशीब दरम्यान पालटलं. जॉर्ज ब्रुक्स यांनी १९८० च्या दशकापासून ते अवयवांमधलं चलती इंधन आहे असं ठासून मांडलं होतं. २०२२ मध्ये जोनाथन लाँग आणि सहकाऱ्यांनी व्यायामानंतरच्या रक्तात लॅक्टेट आणि फिनिलअ‍ॅलनिन या अमिनो आम्लाची जोडी पाहिली. तिचं नाव लॅक-फी. ती उंदरांत, शर्यतीच्या घोड्यांत आणि माणसांत वाढते, आणि सर्वांत जास्त वाढते ती दम काढणाऱ्या वेगवान धावण्याने. लठ्ठ उंदरांना ती टोचली तर ते कमी खातात. गंमत अशी, की ही जोडी स्नायूत तयार होत असल्याचं दिसत नाही. स्नायू लॅक्टेट सोडतो आणि सीएनडीपी-२ हे विकर असलेल्या दुसऱ्याच पेशी, उदाहरणार्थ मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या पेशी, ते जोडकाम करतात. मग हिला मायोकाइन म्हणायचं का? अशाच पेचांमुळे व्यायामाने सुटणाऱ्या सगळ्याच द्रव्यांसाठी, मग ती कुठल्याही अवयवातली असोत, ‘एक्सरकाइन’ हा सैल शब्द २०१६ पासून वापरात आला.

फेब्रायो यांच्या गटाने २०१८ मध्ये तासभर सायकल चालवलेल्या लोकांच्या रक्तातल्या सूक्ष्म पुटिका वेगळ्या केल्या. पेशी बाहेर सोडतात त्या या इवल्या पिशव्या. व्यायामाने तीनशेहून अधिक प्रथिनं त्यांच्यात वाढलेली निघाली, आणि उंदरांत अशा पुटिका यकृताकडे जाताना दिसल्या. गोल्डस्टीन यांचा एक घटक आता असा शेकड्यांत वाटला गेला होता. पण पुटिकेवर पाठवणाऱ्याचा पत्ता नसतो, रक्तात तिथे प्लेटलेटच्याही पुटिका असतात आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्याही. यातलं स्नायूचं कोणतं, हे पाहायला गटाने राबणाऱ्या पायाच्या धमनीतलं आणि शिरेतलं रक्त घेतलं, आणि एकातून दुसरं वजा केलं.