बे-लीफ फार्महाऊस: आत जाण्यापूर्वी वाचा

आपल्या इंग्लंड सहलीत एक दिवस ससेक्ससाठी ठेवला आहे. चिचेस्टरजवळच्या सिंगलटन गावात 'वील्ड अँड डाउनलँड' नावाचं खुलं संग्रहालय आहे. आग्नेय इंग्लंडमधली जुनी घरं सुटी करून इथे आणतात आणि पुन्हा उभारतात. त्यांतल्या बे-लीफला आम्ही मुद्दाम जास्त वेळ देतो. शेतकऱ्याचं घर आहे, सधन शेतकऱ्याचं; वीकेंडचं नाही.

मूळचं ते केंटमधल्या चिडिंगस्टोनचं. तिथे बाऊ बीच जलाशय होणार म्हणून १९६८-६९मध्ये ते उतरवलं. सहाशे वर्षांचं घर असं उतरवता येतं, कारण त्याच्या भिंती भार घेतच नाहीत. छपराचं सगळं ओझं ओकच्या सांगाड्यावर. खांब, तुळया, वासे एकमेकांत खाचांनी अडकवलेले आणि लाकडी खुंट्यांनी पक्के केलेले. एखाद्या सांध्याजवळ थांबून नीट पाहा. सुतार दोन लाकडांतली भोकं मुद्दाम किंचित चुकवून पाडत. खुंटी ठोकली की सांधा आपोआप आवळला जाई. लाकूड ओलंच वापरत, कारण वाळलेला ओक हत्याराला दाद देत नाही. मग ते जागेवरच वाळे आणि वाकडं होई. रोमन आकड्यांसारख्या रेघा दिसल्या, तर त्या सुतारांच्या खुणा: कोणतं लाकूड कुठे बसवायचं त्याच्या.

मधल्या जागा भरल्या आहेत त्या ओकच्या दांड्यांत काटक्या विणून, वर माती, शेण नि गवताचा लेप देऊन. कोकणातला कारवीचा कूड पाहिलेल्यांना ओळख पटेल.

समोरून पाहिलं की दोन्ही टोकांचे माळे पुढे आलेले आणि मधला भाग आत गेलेला दिसतो. छप्पर मात्र एका सरळ रेषेत. म्हणून मधल्या वळचणीला वाकड्या लाकडांचा टेकू दिला आहे. ही वील्डची, म्हणजे केंट-ससेक्समधल्या पट्ट्याची, खासियत. मधला दिवाणखाना आणि खालचं टोक (वरचं-खालचं इथे मानानं, उंचीनं नव्हे) १५व्या शतकाच्या सुरुवातीचं, मालकाच्या खोलीचं वरचं टोक त्यानंतर साधारण शंभर वर्षांनी बांधलेलं.

दिवाणखान्याला माळा नाही, नजर थेट छपराला भिडते. जमिनीवर मधोमध चूल, धुराडं नाही. धूर वर चढून कौलांमधून वाट काढी. खिडक्यांना काचा नाहीत, नुसते उभे लाकडी गज आणि झडपा. मालकाचं टेबल वरच्या टोकाला, तर अन्नधान्याच्या नि पेयांच्या खोल्या खालच्या टोकाला. घरात कोणाची जागा कुठे, हे सांगावंच लागत नाही.

अशा घरांची लाकडं मोडलेल्या जहाजांची असतात, असं तुम्हाला कोणीतरी ऐकवेलच. बहुतेक वेळा ती थापच असते. आणि पांढऱ्या भिंतींवर काळी कुळकुळीत लाकडं शोधू नका. या भागात ती हौस बरीचशी व्हिक्टोरियन काळातली; ओक मोकळा सोडला की राखाडी पडतो.

जमीन उंचसखल आहे, जिने अवघड आहेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी तळमजलाच पाहावा. घराचं खरं वैभव तिथेच आहे. चूल पेटलेली असली तर आत धूर असतो. दमा असणाऱ्यांनी औषध बसमध्ये न ठेवता खिशात ठेवावं.