अडखळणाऱ्या छोट्या इंजिनाची नाडी

टेबलावर मांडलेल्या मीटरभर रुळावर हे इंजिन पहिल्यांदा ठेवले तेव्हा ते चार बोटे पुढे सरकले, थांबले, बोटाने ढकलल्यावर पुन्हा हलले आणि मग गुरगुरत जागच्या जागी उभे राहिले; अर्ध्या मिनिटात त्याच्या कवचातून तापलेल्या तेलाचा वास येऊ लागला. वाफेच्या सहाचाकी शंटिंग (यार्डात डबे हलवणाऱ्या) इंजिनाची ही प्रतिकृती ब्रिटनमध्ये घडलेली, पन्नासहून अधिक वर्षांची आणि बऱ्याच हातांतून फिरून माझ्याकडे आलेली आहे. विकणाऱ्याने मोटर गेली असावी असे आधीच सांगितले होते. जुन्या मॉडेल इंजिनांबाबत हे निदान फार लवकर केले जाते आणि पुष्कळदा ते चुकीचे निघते. लोखंडी चौकटीतल्या या उघड्या मोटरी चिवट असतात. बिघाड शोधायचा तर विजेचा दोष आणि यंत्राचा दोष आधी एकमेकांपासून वेगळे करावे लागतात, आणि त्यासाठी व्होल्टेज, विद्युतधारा आणि रोध मोजणारा साधा मल्टिमीटर पुरतो.

मीटर हातात घेण्याआधी मात्र चॅसी नीट पाहावी, कारण तिथे दोष असेल तर पुढची मेहनत वाया जाते. या चॅसी जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असतात. त्या जस्तात शिशाचा अगदी थोडा अंश जरी राहून गेला, तरी दमट हवेत धातूच्या कणांच्या सीमांवर गंज आत आत शिरत जातो, ओतीव भाग फुगतो, वाकतो आणि शेवटी बिस्किटासारखा तुटतो. न्यू जर्सी झिंक कंपनीने १९२९ मध्ये ९९.९९ टक्के शुद्ध जस्तापासून बनवलेले ‘झॅमॅक’ मिश्रधातू आणले, ते याच रोगावर उतारा म्हणून. ब्रिटनमध्ये त्या कुळाला ‘मॅझॅक’ म्हणतात. तरीही ओतकामात अशुद्ध धातू मिसळला गेला की रोग परत येतो, आणि त्याला इलाज नाही. पोलादी पट्टी चॅसीच्या कडेला लावून फट दिसते का, बारीक भेगा आहेत का, एवढे पाहिले की पुरते. माझ्या इंजिनाची चॅसी सरळ होती.

त्यानंतरची चाचणी ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची. इंजिन उलटे करून बॅटरीच्या दोन तारा थेट मोटरच्या टोकांना लावाव्यात. अशी ती छान फिरली आणि रुळावर मात्र अडखळली, तर दोष रूळ, चाके आणि चाकांवरून वीज उचलणाऱ्या पातळ धातूच्या पट्ट्या यांच्यात आहे. दोन रुळांच्या पद्धतीत एका बाजूची चाके धन आणि दुसऱ्या बाजूची ऋण टोकाला जोडलेली असतात, आणि चाक रुळाला प्रत्यक्षात टाचणीच्या टोकाएवढ्या जागेतच टेकते. तिथे तेल, धूळ आणि ठिणग्यांनी झालेली काजळी यांचा थर बसला की रुळांतल्या १२ व्होल्टना तो ओलांडता येत नाही. रूळ बहुधा जर्मन सिल्व्हरचे, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे असतात. त्यांत चांदी औषधालाही नसते. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या सुती फडक्याने पुसावेत. पॉलिश पेपरने घासू नयेत, कारण त्याचे ओरखडे पुढे मळ धरून ठेवतात.

माझ्या इंजिनाने या चाचणीत वेगळेच उत्तर दिले. चाके लखलखीत झाली, थेट तारा जोडल्या, तरी मोटर जडपणे फिरत होती आणि तापत होती.

अशा वेळी मीटर ॲम्पियरवर लावून तो मोटरच्या वाटेत जोडावा, कारण मोटर किती विद्युतधारा ओढते हीच तिची नाडी आहे. चुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरणारी गुंडाळी विजेवर चालते, पण फिरू लागली की ती जनित्रासारखीही वागते आणि बाहेरून येणाऱ्या व्होल्टेजच्या विरुद्ध स्वतःचे व्होल्टेज निर्माण करते. वेग जितका जास्त तितका हा विरोध जास्त, आणि विद्युतधारा तितकी कमी. उदाहरणादाखल गुंडाळीचा रोध १५ ओहम धरू. १२ व्होल्टवर मोकळेपणाने धावणारी मोटर ०.३ ॲम्पियर घेत असेल, तर रोधावर फक्त ४.५ व्होल्ट खर्च होतात, उरलेल्या ७.५ व्होल्टना विरोधी व्होल्टेज तोलून धरते आणि गुंडाळीत सुमारे १.३५ वॉट एवढीच उष्णता तयार होते. हीच मोटर अडकून थांबली की विरोधी व्होल्टेज शून्य होते, विद्युतधारा ०.८ ॲम्पियरवर जाते आणि उष्णता ९.६ वॉटवर, म्हणजे सातपट. इंजिन हळू चालते म्हणून नियंत्रकाची मूठ आणखी फिरवणारा माणूस नेमकी हीच उष्णता वाढवत असतो. गुंडाळीच्या तारेवरचे वार्निश त्यानेच करपते, आणि मग मात्र मोटर खरोखरच जाते.

माझी मोटर चॅसीतून सोडवून एकटी चालवली तेव्हा तिने ०.५ ॲम्पियर घेतले. तिच्यावर काहीच भार नसताना हा आकडा फार मोठा होता, म्हणजे निदान अर्धा दोष तरी मोटरच्या आतच होता.

येथे कॉम्युटेटर, म्हणजे फिरत्या गुंडाळीला वीज पोहोचवणारा मोटरच्या दांड्यावरचा भाग, भिंगाखाली पाहण्यासारखा असतो. तांब्याच्या तीन पाकळ्या, त्यांच्यामध्ये केसाएवढ्या रुंद तीन फटी आणि दोन बाजूंनी स्प्रिंगने दाबलेले कार्बनचे ब्रश. ब्रश झिजतात, त्यांची काळी भुकटी जास्तीच्या तेलात मिसळते आणि हा लगदा फटींमध्ये भरतो. कार्बन वीजवाहक असल्यामुळे विद्युतधारेचा काही भाग गुंडाळीत न जाता फटीतूनच पलीकडे निसटतो. ब्रश बाजूला ओढून धरून मी पाकळ्यांच्या तीनही जोड्यांमधला रोध मोजला, तेव्हा १३.६, १३.५ आणि ९.४ ओहम असे आकडे आले. गुंडाळ्या धड असतील तर तीनही आकडे सारखे यायला हवेत. लाकडी दातकोरणीचे टोक तासून पातळ केले, त्याने तीनही फटी हलक्या हाताने कोरल्या आणि अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पाकळ्या पुसल्या. काडी तीनदा काळी झाली, चौथ्यांदा स्वच्छ निघाली, आणि मीटरवर तीनही जोड्यांना १५ ओहम आले. तार कुठेही जळलेली नव्हती. एकट्या मोटरची विद्युतधारा ०.१८ ॲम्पियरवर उतरली.

फटी कोरताना आर्मेचर, म्हणजे ध्रुवांमध्ये फिरणारा गुंडाळीचा लोखंडी गाभा, बाहेर काढण्याचा मोह होतो, तो टाळावा. या काळातल्या बऱ्याच मोटरींचे चुंबक ॲल्निकोचे, म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोह यांच्या मिश्रधातूचे असते. ते ताकदवान असले तरी सहज विचुंबकित होते. ध्रुवांमधले लोखंड काढून घेतले की चुंबकीय वाट तुटते आणि चुंबकाचे स्वतःचेच क्षेत्र त्याला दुबळे करते. आर्मेचर काढायचेच असेल तर ध्रुवांना आधी लोखंडी तुकडा जोडावा. दुबळ्या चुंबकाची खूण मोठी फसवी असते. विरोधी व्होल्टेज पुरेसे तयार होण्यासाठी मोटरला अधिक वेगाने फिरावे लागते, म्हणून ती हातात धरल्यावर नेहमीपेक्षा जोरात भिरभिरते, पण रुळावर चार डबे जोडले की मान टाकते आणि भरमसाट विद्युतधारा ओढते. हातात छान पळते म्हणून ‘मोटर उत्तम’ असा शेरा मारलेली कित्येक इंजिने या दुखण्याची असतात. आता बारीक निओडिमियम चुंबके बसवून अशा मोटरींना पुन्हा बळ देता येते. माझ्या मोटरला त्याची गरज पडली नाही.

मोटर परत चॅसीत बसवली, शिलाई मशीनच्या तेलाचा सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब प्रत्येक आसाला दिला, आणि इंजिन धावले, पण लंगडत. ठरावीक अंतराने ते किंचित अडे, मीटरचा काटा ०.४ ॲम्पियरपर्यंत उडी मारे आणि परत येई. मला या सगळ्या खटाटोपात सर्वांत आवडणारा भाग इथे सुरू होतो, कारण हा लंगडेपणा मोजता येतो. इंजिन जिथे जिथे अडले तिथे स्लीपरवर खडूने खूण केली. दोन खुणांमधले अंतर भरले जवळपास ६३ मिलिमीटर. चाकाचा व्यास २० मिलिमीटर, म्हणजे त्याचा परिघही जवळपास ६३ मिलिमीटरच. मोटरच्या दांड्यावरचा वर्म, म्हणजे दातेचक्र फिरवणारा स्क्रूसारखा भाग, एकाच आट्याचा आहे आणि आसावरच्या दातेचक्राला ३० दाते आहेत, तेव्हा चाकाच्या एका फेऱ्यात मोटर ३० फेरे घेते. दोष मोटरमध्ये असता तर अडखळ सुमारे २ मिलिमीटरला एकदा आली असती आणि ती थरथरीसारखी जाणवली असती. चाकाच्या फेऱ्याला एकदाच येणारी अडखळ चाकांची, दातेचक्राची किंवा चाकांना बाहेरून एकमेकांशी जोडणाऱ्या जोडदांड्यांचीच असणार.

दातेचक्र धड होते. नंतरच्या काळातल्या इंजिनांत प्लॅस्टिकचे दातेचक्र आसावर घट्ट बसवलेले असते आणि वर्षानुवर्षांच्या ताणाने ते दोन दात्यांमध्ये उभे चिरते. तेही असेच फेऱ्याला एकदा ठोकर देते, म्हणून ते आधी पाहावे. मग जोडदांड्या काढल्या, आणि चाके लोण्यासारखी फिरली.

खऱ्या वाफेच्या इंजिनात डाव्या आणि उजव्या बाजूचे क्रँक एकमेकांशी ९० अंशांचा कोन करतात, म्हणजे एका बाजूचा दट्ट्या टोकाला पोहोचून निष्प्रभ झाला तरी दुसऱ्या बाजूचा पूर्ण जोर लावत असतो. मॉडेलमध्ये दट्ट्या ढकलत नाहीत, पण जोडदांड्या खऱ्या असतात आणि त्या तीनही आसांना एका तालात बांधतात. एखाद्या आसावर चाक चार-पाच अंशांनी सरकलेले असले, की फेऱ्यातल्या एका जागी, दांडी ज्यांवर बसते त्या चाकांवरच्या तिन्ही खुंट्यांमधले अंतर दांडीच्या भोकांशी जुळत नाही आणि सगळे आवळले जाते. कोन बरोबर ९० अंशच असावा याला फारसे महत्त्व नाही. तिन्ही आसांवर तो सारखा असला म्हणजे झाले. लाकडाच्या ठोकळ्याला खाच पाडून मी आस एकेक करून त्यात ठेवले, डावी खुंटी उभ्या रेषेवर आणली आणि उजवी कुठे येते ते कागदावर नोंदले. पुढच्या दोन आसांची खूण एकाच ठिकाणी पडली, मागच्या आसाची जरा खाली. पूर्वी कोणीतरी ते चाक उपटून परत दाबून बसवले असावे. ते किंचित फिरवले, दोन चाकांच्या आतल्या पाठींमधले अंतर १४.५ मिलिमीटर आहे याची खात्री केली आणि दांड्या परत चढवल्या.

त्यानंतर डबे न जोडता इंजिन अर्धा तास पुढे आणि अर्धा तास मागे चालू ठेवले, कारण ब्रशची टोके पाकळ्यांच्या गोलाईशी नव्याने जुळायला तेवढा वेळ लागतो. सुरुवातीला मीटर ०.२७ ॲम्पियर दाखवत होता, शेवटी तो ०.२४ वर स्थिरावला. आता ४ व्होल्टवर ते मीटरभर रूळ ४० सेकंदांत कापते. मॉडेल रेल्वेचे ब्रिटिश ‘ओओ’ माप १:७६.२ असल्याने खऱ्या इंजिनाच्या हिशेबात हा वेग ताशी सुमारे ७ किलोमीटर येतो, म्हणजे यार्डात वाघिणी जोडायला निघालेल्या शंटिंग इंजिनाचा.